दुपारची रेघ

१

सकाळी दहाला वैदेही कुटीचं कुलूप काढायची, चपला बाहेर ठेवायची, आत जाऊन दार लावून घ्यायची आणि पाऊण तास काहीही करायची नाही. पंचवीस वर्षं डबासुद्धा उभ्या उभ्या संपवणाऱ्या बाईला काहीही न करणं किती जड जातं, हे करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पहिले दोन दिवस तिने मनातल्या मनात भाजीची यादी केली. तिसऱ्या दिवशी यादी संपली. मग ती नुसती बसू लागली.

कुटी म्हणजे खरी कुटी नव्हे, नमुन्याची खोली. लोअर परळच्या एका जुन्या मिलच्या आवारात आता आर्किटेक्ट, जाहिरातवाले आणि कॉफीवाले नांदतात. त्यातल्याच एका माडीवरच्या गाळ्यात वैदेहीचं ऑफिस होतं. आवाराच्या मागच्या अंगाला, बदामाच्या झाडाखाली, तिने ही खोली बांधून घेतली होती. खऱ्या कुट्या उठायच्या होत्या कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. एकूण चोवीस. मधोमध योगाचा मोठा मंडप, ओढ्याच्या काठाने चालायची वाट, आणि दर कुटीत एकच माणूस.

हे सगळं सौमित्रचं वेड. चाळिशीत कंपनी विकून तो मोकळा झाला होता आणि त्याला एकांत हवा होता, स्वतःला आणि इतरांनाही. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "वैदेही, एका माणसाने एका खिडकीशी बसावं आणि त्याला दुसरं काही लागूच नये. अशी एक खोली मला काढून द्या. बाकीचं आपण नंतर बघू."

ती खोली वैदेहीने एका बैठकीत काढली. एरवी एका जिन्यापायी महिना घालवणारी बाई, पण ही खोली हातातून आपोआप उतरली. दहा बाय बारा. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पश्चिमेला एकच रुंद, बुटकी खिडकी, तिच्याखाली बसायला मातीचा कट्टा. बस्स. सौमित्रने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हीच." आता येत्या शुक्रवारी तो नमुन्याच्या खोलीत बसून बघणार होता. त्याला पटली की याच मापाने चोवीस.

तोवर खोली तपासायची होती. उजेड कसा येतो, कोंडतं का, हवा खेळते का. ते काम गौतमचं. गौतम हवा-उजेडाचा इंजिनियर, वैदेहीच्या बरोबरीचा, वीस वर्षांचा दोस्त, आणि तोंडाने फटकळ. त्याने कुटीच्या भिंतीवर साबणाच्या डबीएवढं पांढरं यंत्र लावलं. त्यावर एक आकडा दिसत होता: ४३२.

"फुंकर मार यावर," तो म्हणाला.

वैदेहीने फुंकर मारली. आकडा दोन हजारांवर गेला.

"सीओटू. माणूस श्वास सोडतो त्यात असतो. आकडा चढला म्हणजे आत कुणीतरी जिवंत आहे. चारशे तीसच्या आसपास म्हणजे खोलीत कुणी नाही. एवढं सिंपल. दर मिनिटाला लिहून ठेवतं आणि फोनवर रेघ काढून पाठवतं. तुझ्या त्या ध्यानधारणेवर आता माझं लक्ष आहे, कळलं? पेंगलीस तर मला कळणार."

२

सोमवारी गौतम लॅपटॉप घेऊन माडीवर आला. चहा मागवण्याआधीच त्याने पडदा तिच्यासमोर वळवला. आडवी रेघ होती, तिला रोज दोन उंचवटे आले होते.

"सकाळी दहाचा हा तुझा. पाऊण तास, एक माणूस, बरोबर. आणि हा दुपारचा कोण?"

"दुपारी कुटी बंद असते."

"बंदच असायला हवी. मी बंद खोलीची टेस्ट लावली आहे, खिडकीची काच स्क्रू मारून बसवली आहे. मग दुपारी एक वाजता कोण आत जाऊन बसतं? सहा दिवस बघतोय. रोज."

वैदेहीने रेघेकडे निरखून पाहिलं. एकच्या सुमारास ती जमिनीवरून उठत होती आणि संथपणे चढत जात होती, तिची स्वतःची चढायची तशीच.

"वॉचमन झोपत असेल," ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की कुटीला चावी एकच आणि ती तिच्या पर्समध्ये. मग ती म्हणाली की ओल्या मातीतून, शेणातून काहीतरी निघत असेल. गौतमने मान हलवली. शेणातून निघालं तर दिवसभर निघेल, ते काय जेवणाची सुट्टी घेऊन निघणार आहे का? मग उन्हाने यंत्र तापत असेल. ते त्यालाही सुचलं होतं. त्याने शनिवारी तिच्याकडून चावी घेऊन यंत्र उलट्या भिंतीवर नेलं होतं. रेघेत फरक नाही.

"आणि ही गंमत बघ," तो म्हणाला. त्याने रेघ मोठी केली. "तीन अडतीसपर्यंत निवांत. मग एकदम कशी खडी चढते बघ. माणसाला धाप लागली की अशी चढते. आणि तीन बावन्नला थांबते. त्यानंतर कुणी श्वास घेत नाही, नुसती हळूहळू उतरत खाली. रोज हाच टाइम. एकदम पंक्च्युअल. तुझ्या रिट्रीटचा पहिला गेस्ट आलाय वाटतं, प्राणायाम करतोय."

तो हसला. वैदेहीही हसली. चहा आला. गौतमने जाताना जोडीचं दुसरं यंत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, हे घरी ने, दोन दिवस ठेव, दोघांचे आकडे ताडून बघू. एखादं यंत्र बिघडलेलं निघतं.

तो गेल्यावर वैदेहीने दार लोटून घेतलं आणि फोन काढला. न घेतलेल्या फोनांच्या यादीत ती मागे मागे गेली, गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत. शोधावं लागलं नाही. ती ओळ तिने इतक्यांदा पाहिली होती की बोट आपोआप तिथे थांबलं. आई. दुपारी तीन अडतीस.

३

गिरगावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आता वैदेही एकटी राहते. वर्षापूर्वी तिथे दोघी होत्या. आई, आनंदीबाई, एक्क्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांपुढे पार हात टेकलेली. शेवटची नऊ वर्षं ती जिना उतरली नाही. खिडकीखाली एक जुनी लाकडी पेटी होती, तिच्यावर उशी टाकून ती दिवसभर बसायची. समोर वाडीतलं बदामाचं झाड. त्याची पानं लाल झाली, गळली, नवी आली, याची बातमी वैदेहीला रात्री जेवताना मिळायची.

सकाळी निघताना वैदेही दारातून म्हणायची, "येते गं." आई म्हणायची, "ये." संपलं. त्यानंतर रात्री आठपर्यंत आई काय करत होती, हे वैदेहीने कधी विचारलं नाही. आईनेही दुपारी कधी फोन केला नाही. तू कामात असशील, म्हणायची. नऊ वर्षांत दुपारचा फोन एकदाच आला.

त्या दिवशी सौमित्रची पहिली मीटिंग होती. सकाळी वैदेही नकाशांची नळी शोधत होती, ती सापडली तेव्हा उशीर झाला होता, आणि ती 'येते' न म्हणताच जिना उतरली. हे तिला पहिल्या मजल्यावर आठवलंही होतं. दुपारी सौमित्र एकांताबद्दल बोलत असताना टेबलावर फोन थरथरला. आई, असं दिसलं. वैदेहीने फोन पालथा घातला. मीटिंगनंतर करू, म्हणाली मनाशी. मीटिंगनंतर लोक चहाला थांबले, आणि ती विसरून गेली.

रात्री पावणेनऊला तिने दार उघडलं तेव्हा आई पेटीवर बसलेली होती, डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, फोन मांडीवर. डॉक्टरांनी लिहिलं, संध्याकाळी पाचच्या सुमारास, झोपेत. शेजारी म्हणाले, सुटल्या, काही त्रास झाला नाही. वैदेहीने ते पदरात पाडून घेतलं. फोन गॅस सिलिंडरवाल्याबद्दल असेल, असं तिने स्वतःला वर्षभर समजावलं होतं. वर्षभर तेवढ्यावर निभावलं होतं.

आता ती रेघ सांगत होती की चौदा मिनिटं लागली.

४

दुसरं यंत्र तिने घरी खिडकीत ठेवलं. सोमवारी रात्री खिडकी लावून झोपली. सकाळी आकडा नऊशे चाळीस. एक माणूस, एक खोली. यंत्र ठणठणीत होतं. तिने फुंकर मारून पाहिली, आकडा दोन हजारांवर उडाला आणि हळूहळू खाली आला. तिला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं, कारण मग कुटीतलं यंत्रही ठीकच असणार.

यंत्र उचलताना तिची नजर खिडकीच्या उंबऱ्यावर गेली. बुटका उंबरा. मग तिने कामाच्या पिशवीतून टेप काढली.

जमिनीपासून पेटीची उंची अठरा इंच. कुटीतला कट्टा अठरा इंच. खिडकीची रुंदी चार फूट दोन. कुटीतली चार फूट दोन, आणि ते दोन इंच कशाला हवेत असं सुताराने विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, राहू दे, बरं दिसतं. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून कोपऱ्यापर्यंत. दहा बाय बारा.

ती खोली तिने आईचे दिवस उरकले त्या आठवड्यात काढली होती. नवीन म्हणून काढली होती. फक्त भांडी, कपाट, देवांची फळी, वाळत घातलेले कपडे आणि आई काढून टाकली होती. आणि जे उरलं ते लोकांना इतकं आवडलं होतं की त्याच्या चोवीस प्रती निघणार होत्या.

वैदेही टेप गुंडाळून पेटीवर बसली. मग पटकन उठली आणि ऑफिसला निघाली. दारात सवयीने तिच्या तोंडात 'येते' आलं, ते तिने गिळलं. रिकाम्या खोलीला काय सांगायचं.

५

कुटीची जमीन सारवायला आणि भिंती लिंपायला मालन यायची. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी, पन्नाशीची, सासर मालवणकडचं. सासूच्या हाताखाली शिकलेलं सारवण आता तिला आर्किटेक्टांच्या दारात घेऊन जात होतं, आणि त्या सगळ्याचं तिला मनापासून हसू यायचं. गावातली माणसं लाद्या बसवतात नि इथली शेण मागतात, म्हणायची.

बुधवारी सकाळी ती कट्ट्यापुढे उकिडवी बसली होती.

"मॅडम, हे बघा जरा. ह्या कट्ट्याची कड रोज उखडता. परवा लिंपली, काल लिंपली, आज परत तसाच."

"माती कच्ची राहिली असेल, मालनताई."

"माती कच्ची असती तर सगळीकडे उखडली असती. ही दोनच जागी उखडता. हय आणि हय." तिने बोटं ठेवून दाखवलं. खाली, जमिनीपासून वीतभर वर, एकमेकांपासून हातभर अंतरावर दोन खळगे. "कोणतरी पाय सोडून बसता नि टाचा आपटता. आमच्या घरात ओट्याक असेच खळगे पडलेत, आमच्या सासऱ्याचे."

आईला ती सवय होती. दुपारी रेडिओ लावून, नाहीतर न लावता, ती टाचा पेटीवर हलके हलके आपटत बसायची. टक, टक. एक उजवी, एक डावी. रविवारी घरी असताना वैदेहीचं त्याने डोकं उठायचं. "आई, बंद कर गं ते," असं ती किती वेळा म्हणाली असेल. आई लगेच बंद करायची. थोड्या वेळाने, विसरून, परत सुरू.

"लिंपू ना परत?" मालनने विचारलं.

"लिंपा," वैदेही म्हणाली. "आणि उद्या येऊ नका. उद्या मला कुटी दिवसभर हवी आहे."

तिला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी होतं. आई जर रोज दुपारी तिथे बसून रोज तीच चौदा मिनिटं एकटी काढत असेल, तर एकदा तरी कुणीतरी तिथे असायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे उघड होतं.

६

गुरुवारी पाऊण वाजता ती आत गेली आणि दार लावून घेतलं. फोन बंद केला. कट्टा तिने मोकळा सोडला आणि समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली, यंत्र दिसेल अशी. आकडा ४३४ होता. तिचा स्वतःचा श्वास मिळून तो चढणारच होता. गौतमने सांगितलं होतं, एक शांत बसलेला माणूस पहिल्या तासात साधारण चारशेने चढवतो, पुढे कमी कमी. दोन वाजता आकडा हजाराच्या पुढे होता, एका माणसाच्या मानाने जास्तच. तिने हिशेब केला, परत केला. मग सोडून दिला.

बाहेर बदामाच्या पानांची सावली काचेवर हलत होती. आवारात कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, कॉफीवाल्याकडे कप आपटत होते, आणि हे सगळं फार लांबून येत होतं. तिला प्रथमच कळलं की दुपार किती मोठी असते. तिने आजवर तिचे तुकडे पाहिले होते, जेवण, मीटिंग, चहा. सलग अशी पाहिली नव्हती. अडीच वाजता असं वाटलं की चार वाजत आले असतील. मग पावणेतीन झाले. आईने नऊ वर्षं अशा दुपारी काढल्या. वैदेहीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

तीनच्या सुमारास टाचा वाजू लागल्या. टक, टक. इतक्या हलक्या की आधी तिला स्वतःची नाडी वाटली. कट्ट्यावर कुणी नव्हतं. खिडकीतून आलेलं ऊन कट्ट्यावर पडलं होतं, आणि फक्त मधे, माणसाच्या बसण्याएवढ्या जागेवर, ते जरा मंद होतं. ती नजर रोखून बघू लागली की तिथलं ऊन बाकीच्यासारखंच दिसायचं. ती नजर काढायची, की परत मंद.

तीन अडतीसला टाचा थांबल्या. वैदेहीने श्वास रोखून धरला. आकडा चढतच राहिला. तेराशे साठ, तेराशे पंच्याहत्तर, चौदाशे. तिने छाती फुटेपर्यंत श्वास धरला आणि तो चढत होता, चढत होता, आणि खोलीत आवाज काहीच नव्हता. आवाज असता तर बरं झालं असतं.

"आई," ती म्हणाली. "मी आहे गं. घेतला मी फोन. ऐकते आहे."

ती गुडघ्यांवर सरकत कट्ट्यापाशी गेली आणि उन्हाच्या त्या मंद तुकड्याजवळ हात ठेवला. माती गार होती. आजूबाजूची उन्हाने तापली होती, ही गार. "मी कुठे जात नाही. इथेच बसते. तू एकटी नाहीस." हे ती किती वेळा म्हणाली ते तिला आठवत नाही. तीन बावन्न झाले. मग त्रेपन्न. आकडा थांबला आणि एक घर खाली आला. हाताखालची माती हळूहळू कोमट होत गेली. ऊन सगळीकडे सारखं झालं.

ती पाचपर्यंत तिथेच, कट्ट्यावर बसून राहिली. उठताना दारात थांबली. आई घरी असती तर ती तिला 'येते' म्हणाली असती. पण आत्ताच तर कुठे जात नाही असं सांगितलं होतं, मग येते कसं म्हणायचं? ती काहीच न बोलता बाहेर पडली आणि कुलूप लावलं.

७

शुक्रवारी सकाळी तिला हलकं वाटत होतं. वर्षात पहिल्यांदा गाढ झोप लागली होती. भूक नव्हती, तेवढं सोडलं तर सगळं छान होतं. ऑफिसात पोचली तेव्हा गौतमचा निरोप आलेला होता: "रात्री कुटीत झोपलीस काय? रेघ खाली आलीच नाही."

तिने फोनवर रेघ उघडली. गुरुवार संध्याकाळ, रात्र, पहाट. हजाराच्या जरा वर सरळ, सपाट रेघ. तिने फोन लावला.

"सेन्सर अडकला असेल," ती म्हणाली.

"अडकलेला सेन्सर एकच आकडा देतो. हा खालीवर होतोय, अगदी थोडा. एक माणूस, शांत बसलेला. कुणी आत आहे का बघ एकदा."

तिने कुलूप काढून पाहिलं. आत कुणी नव्हतं. कुंद वास होता, माणूस बराच वेळ बसून उठल्यावर खोलीला येतो तो. अकराला सौमित्र आला, एकटा आत गेला आणि तासभर बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"मी जगभर फिरलो, वैदेही. सगळीकडे एकांताच्या खोल्यांत एकटं वाटतं. इथे नाही वाटत. तुम्ही काय केलंय मला माहीत नाही, पण आत बसल्यावर असं वाटतं की कुणीतरी आपल्यासाठी थांबलं आहे. जात नाही." त्याने तिचा हात हातात घेतला आणि चटकन सोडला. "तुमचे हात किती गार आहेत. चोवीसच्या चोवीस हीच. एक इंच बदलू नका."

त्याच्या त्या तासात रेघ दुप्पट चढली आणि तो गेल्यावर परत हजाराच्या जरा वर येऊन थांबली. म्हणजे यंत्र अडकलेलं नव्हतं. वैदेहीने नकाशांवर सह्या केल्या. कट्ट्याची कड शेवटची एकदा लिंपून घ्यायची म्हणून तिने संध्याकाळी चावी मालनकडे दिली.

८

शनिवारी ती ऑफिसला गेली नाही. दुपारभर खिडकी लावून घरात बसून राहिली, पेटीवर. वाडीतल्या बदामाची दोन पानं लाल झाली होती. हे सांगायला कुणी नव्हतं. तिने काही खाल्लं नाही, कुणाशी बोलली नाही, शेजारच्या घरातला टीव्ही ऐकत राहिली. आई गेली तेव्हा काही चुकलंच नव्हतं असं मन म्हणत नव्हतं, पण आता तिथे बोचतही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

साडेसहाच्या सुमारास तिला खिडकीतलं यंत्र दिसलं. सोमवारपासून ते तिथेच पडलं होतं. आकडा ४३१.

खिडकी लावलेली, दार लावलेलं, ती सकाळपासून आत. बॅटरी उतरली असेल, असं ती म्हणाली. ती यंत्र उचलणार तोच फोन वाजला. मालनचा होता, आणि या वेळी वैदेहीने पहिल्याच घंटीला तो घेतला.

"मॅडम, मालन बोलतंय. मी आता गेटाकडे येलंय, मागे त्या झाडाखाली माझ्या फोनाक रेंज नाय. रागवू नका हां, ती कड आज लिंपूची रवली. चावी लावूक गेलंय तर खिडकीतून तुम्ही दिसल्या. दुसरी चावी आसा काय तुमच्याकडे?"

वैदेही उभीच राहिली.

"हाक मारली, काचेवर टकटक केली. तुम्ही बघूकच नाय माझ्याकडे. म्हटलं ध्यानात असतील, कशाला मोडा."

"मालनताई," वैदेही म्हणाली. तिचा आवाज तिला नीट ऐकू येत होता. "आत आणखी कुणी होतं का? माझ्याबरोबर? म्हातारी कुणी?"

"नाय ओ. तुम्ही एकट्याच. झाडाकडे बघत बसलेल्या." मालन हसली. "पण एक आज कळला मका. रोज कड कोण उखडता ता. चांगल्या टाचा आपटत होत्यात की. लहान पोरासारख्या."

पलीकडे रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते.

"बरा, येतंय मॅडम. काळोख पडाच्या आधी निघा तुम्ही पण. एकट्या किती बसतल्यात?"

"या," वैदेही म्हणाली.

फोन ठेवून तिने यंत्र दोन्ही हातांत घेतलं, अगदी तोंडाजवळ धरलं, आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्याच्यावर सोडला. मग ती थांबली. शेजारी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. कुणीतरी जिना उतरत होतं. तिने परत फुंकर मारली, आणि परत. आकडा चारशे एकतीसवरून हलला नाही.